गुंडाळायचे किती, आणि कोणाच्या पाठीवर?



प्लास्टिकचा विषय निघाला की आपल्या चर्चा ठरलेल्या वाटेने जातात. भाजीची पिशवी, पाण्याची बाटली, चहाचा कप, गणपतीचे थर्माकोलचे मखर. हे सगळे आपल्या हातात येते आणि डोळ्यांना दिसते, म्हणून त्याविषयी आपल्याला अपराधी वाटते. परंतु ग्राहकाच्या हातात कधीच न येणाऱ्या प्लास्टिकचे काय? या अंकात आम्ही त्याच्याविषयी लिहीत आहोत. विषय अगदीच कोरडा वाटेल: मालाच्या खोक्यांभोवती आणि पॅलेटभोवती गुंडाळायची प्लास्टिकची पातळ फिल्म. आपल्या पुरोगामी चर्चेत असल्या विषयाला कोण विचारतो? पण थोडा धीर धरावा. या फिल्मच्या वेढ्यांत पर्यावरण, श्रम आणि कायदा असे तिन्ही प्रश्न अडकलेले आहेत.

वॉटफर्डमध्ये राहणाऱ्यांना याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. एम-१ आणि एम-२५ हे दोन्ही मोटरवे गावाला लागून जातात. कॉस्टकोचे ब्रिटनमधील मुख्य कार्यालय हार्टस्प्रिंग लेनवर आहे आणि टीके मॅक्स चालवणाऱ्या कंपनीचे युरोपचे मुख्यालयही याच गावात. आपल्यापैकी बरेच जण शनिवारी कॉस्टकोत जाऊन तांदळाची मोठी पिशवी आणि तेलाचे डबे आणतात. तिथे बराचसा माल फळीवर मांडलेला नसतो, आला त्याच लाकडी पॅलेटवर जमिनीवर ठेवलेला असतो. नसते ती फक्त त्याच्याभोवतीची फिल्म. ती दुकान उघडण्याआधीच कोणीतरी सुरीने कापून, गोळा करून, मागच्या दाराने नेलेली असते. ग्राहकाला स्वच्छ पॅलेट दिसते. भाजीच्या पिशवीवर भांडणारे आपण त्या पॅलेटसमोरून ट्रॉली ढकलत शांतपणे पुढे जातो.

माल बांधणे हे काही प्लास्टिकपासून सुरू झालेले नाही. वॉटफर्डशेजारच्या क्रॉक्सलीला जॉन डिकिन्सन यांची कागदाची गिरणी १८३० पासून १९८० पर्यंत चालू होती आणि ग्रँड युनियन कालव्यातून तिच्या मालाची वाहतूक होत असे. आपल्याकडे कोकणातला आंबा लाकडी पेटीत पेंढ्याच्या थरांत बसून मुंबईला येई. धान्य गोणीत, गोणीचे तोंड सुतळीने शिवलेले, आणि ट्रकवर ताडपत्री व दोरखंड. यातले जवळजवळ सगळे पुन्हा वापरले जाई. पॉलिथिलीनचा शोधही इंग्लंडमधलाच. १९३३ मध्ये चेशायरमधील आयसीआयच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन या रसायनतज्ज्ञांच्या हाती ते अपघातानेच लागले. पुढे फोर्कलिफ्ट आणि पॅलेट आले, माल एकेक खोका न उचलता टनाच्या हिशेबाने उचलला जाऊ लागला, आणि एकावर एक रचलेली चाळीस-पन्नास खोकी एका तुकड्यासारखी वागली पाहिजेत अशी गरज निर्माण झाली. ती गरज फिल्मने भागवली.

आता मुद्द्याकडे. पॅलेट गुंडाळण्याच्या मुख्यतः चार पद्धती आहेत. त्यांची तुलना करताना एकच उदाहरण घेऊ: ब्रिटनमधले नेहमीचे १२०० × १००० मिलिमीटरचे पॅलेट, त्यावर दीड मीटर उंचीचा माल. पुढचे आकडे आम्ही कागद-पेन्सिल घेऊन काढलेला ढोबळ हिशेब आहे. प्रत्येक गोदामात ते थोडे इकडे-तिकडे होतील, पण त्यांच्यातले प्रमाण समजायला पुरेसे आहेत.

पहिली पद्धत हाताने स्ट्रेच फिल्म गुंडाळण्याची. ही फिल्म ताणली जाते आणि पुन्हा आखडू पाहते. त्या आखडण्याच्या ओढीनेच माल धरून ठेवला जातो. फेटा बांधणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कापड किती लांब आहे यापेक्षा ते कोणत्या ताणाने बसले यावर फेट्याची पकड ठरते. हाताने गुंडाळणारा माणूस फिल्म फार तर वीस टक्के ताणू शकतो. पॅलेटचा घेर ४.४ मीटर. तळाशी तीन वेढे, अर्धा पट्टा मागच्यावर चढवत वर जाताना सहा, माथ्यावर दोन आणि उतरताना तीन, असे चौदा वेढे धरले तर सुमारे ६२ मीटर होतात. वीस टक्के ताण वजा जाता रोलमधून ५१ मीटर फिल्म निघते. अर्धा मीटर रुंदीच्या १७ मायक्रॉन फिल्मचे हे वजन होते सुमारे ४०० ग्रॅम.

दुसरी पद्धत तीच फिल्म यंत्राने गुंडाळण्याची. पॅलेट गोल फिरणाऱ्या तबकडीवर ठेवतात, किंवा माल हलका आणि डळमळीत असेल तर पॅलेट स्थिर ठेवून यंत्राचा दांडा त्याच्याभोवती फिरवतात. खरी गंमत तबकडीत नाही. फिल्म मालाला लागण्याआधी वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन रुळांमधून जाते आणि तिथेच अडीचशे टक्क्यांपर्यंत ताणली जाते, म्हणजे एका मीटरचे साडेतीन मीटर होतात. आता त्याच ६२ मीटरसाठी रोलमधून जेमतेम १८ मीटर लागतात. यंत्राची फिल्म जाड, २३ मायक्रॉनची, धरली तरी वजन भरते सुमारे १८५ ग्रॅम. वेढे तेवढेच, पकड अधिक, आणि प्लास्टिक निम्म्याहून कमी!

तिसरी पद्धत श्रिंक, म्हणजे उष्णतेने आखडवण्याची. पॅलेटवर मोठी प्लास्टिकची पिशवी उलटी घालायची आणि गॅसच्या ज्योतीने किंवा भट्टीच्या गरम हवेने ती तापवायची. ढोलकीवर ओले कातडे चढवावे आणि ते वाळता वाळता ताठ व्हावे, तशी ही फिल्म मालावर घट्ट बसते. पाऊस आणि धूळ यांपासून ती उत्तम राखण करते, म्हणून उघड्यावर ठेवायच्या बांधकामाच्या मालाला ती चालते. पण फिल्म जाड लागते. १०० मायक्रॉन धरली तरी पावणेआठशे ग्रॅम, शिवाय गॅस जळतो तो वेगळा, आणि गोदामात उघडी ज्योत म्हणजे आगीचा धोका. लहान मालासाठी मात्र हीच पद्धत सर्वत्र दिसते: सहा बाटल्यांचा संच, मिठाईचा डबा, पुस्तकाचे वेष्टन.

चौथी पद्धत स्ट्रेच हूडची. यंत्र फिल्मची नळी चारही कोपऱ्यांतून ताणून रुंद करते आणि उशीला अभ्रा चढवावा तशी वरून खाली चढवते. उष्णता नाही, पाऊस आत शिरत नाही आणि प्लास्टिक सुमारे साडेचारशे ग्रॅम. पण यंत्र महाग असते. दिवसाला शेकडो पॅलेट एकाच आकाराची निघत असतील, तरच ते परवडते.

म्हणजे ‘कोणती पद्धत चांगली?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. उघड्यावरच्या सिमेंटला हूड हवा. कोरड्या गोदामातून कोरड्या गोदामात जाणाऱ्या खोक्यांना यंत्राने ताणलेली फिल्म पुरते. पण एक गोष्ट हिशेबात स्पष्ट दिसते. लहान गोदामांत सर्वांत सोपी समजली जाणारी पद्धत, म्हणजे माणसाच्या हातात रोल देऊन ‘गुंडाळ’ म्हणायचे, यंत्राच्या दुप्पट प्लास्टिक खाते. दिवसाला वीस पॅलेट आणि वर्षाला अडीचशे दिवस धरले तर पाच हजार पॅलेट होतात. फरक पडतो एक टनाहून जास्त प्लास्टिकचा, आणि तोही एकाच लहानशा गोदामात.

ही पद्धत स्वस्त वाटते, कारण तिच्या किमतीचा मोठा भाग दुसऱ्याच्या पाठीवर टाकलेला असतो. इथे आमच्यातल्या काही वाचकांना विषय जवळचा वाटू लागेल. पुण्या-नाशिकहून शिकायला आलेली मुले सत्रात आठवड्याला वीस तासच काम करू शकतात, आणि त्यातली कित्येक ते वीस तास एजन्सीमार्फत गोदामात घालवतात. हाताने पॅलेट गुंडाळणे म्हणजे काय, हे त्यांना विचारावे. सव्वादोन-अडीच किलोचा रोल हातात धरायचा, तळाचे वेढे लाकडाला धरून बसले पाहिजेत म्हणून कमरेत पूर्ण वाकायचे आणि फिल्म ताणत उलट्या पावलांनी पॅलेटभोवती फिरायचे. एका फेरीला साडेपाच मीटर धरले तर चौदा वेढ्यांना ७७ मीटर. एका पाळीत साठ पॅलेट केली तर साडेचार किलोमीटर, वाकून आणि उलटे चालत, मागे फोर्कलिफ्ट फिरत असताना!

ब्रिटनमध्ये १९९२ पासून हाताने ओझी हाताळण्याविषयीचे नियम लागू आहेत. इजा होऊ शकेल असे काम शक्य तितके टाळायचे, टाळता येत नसेल तर धोक्याचे मूल्यमापन करायचे आणि तो कमी करायचा, ही जबाबदारी मालकाची आहे. एजन्सीच्या कामगाराला बारा आठवड्यांनंतर पगार आणि कामाचे तास यांत कायम कामगाराच्या बरोबरीची वागणूक मिळाली पाहिजे, असा नियम २०११ पासून आहे. पण आठ-दहा आठवडे काम करून निघून जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या कंबरेचा हिशेब कोण ठेवणार? रोलची किंमत हिशेबवहीत येते, कंबरेची येत नाही. म्हणून काही हजार पौंडांचे यंत्र ‘महाग’ ठरते आणि माणूस ‘स्वस्त’ ठरतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. किंबहुना माल बांधणे आणि वाहणे हा श्रमाच्या हक्कांचा प्रश्न आहे, हे कायद्यात उतरवणारे आपलेच राज्य. १९६९ चा माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगार कायदा हा अण्णासाहेब पाटलांच्या मुंबईतल्या लढ्याचे आणि पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायतीतून उभ्या केलेल्या चळवळीचे फळ होते. त्यातली कल्पना साधी आणि मोठी होती. हमालाला एक मालक नसतो, तो आज या पेढीवर आणि उद्या त्या पेढीवर, म्हणून सगळ्यांच्या वतीने एक मंडळ असावे. मजुरी मंडळात भरावी, तिच्यावर लेव्ही भरावी, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, दवाखाना असे लाभ मिळावेत. एजन्सीमार्फत आज या गोदामात आणि उद्या त्या गोदामात जाणारा वॉटफर्डचा विद्यार्थी आणि भवानी पेठेतला हमाल यांच्यात अंतर किती? आम्हाला तरी फारसे दिसत नाही.

यावर कोणी विचारेल, आणि विचारलेच पाहिजे, की यंत्र आणा म्हणता, मग कामगाराचे काय? प्रश्न खरा आहे. माथाडींच्या पुढ्यातही फोर्कलिफ्ट आणि कंटेनर आले तेव्हा हाच प्रश्न होता. आमचे मत असे, की कंबर मोडणारे काम वाचवून रोजगार टिकवायचा हा पुरोगामी विचार नव्हे. तबकडीचे यंत्र माणसाशिवाय चालत नाही. पॅलेट ठेवणे, ताण ठरवणे आणि कोपरे तपासणे माणसालाच करावे लागते. आग्रह धरायचा तो यंत्रातून वाचलेल्या पैशांतला वाटा कामगाराला मिळावा याचा. यंत्र नको असा आग्रह धरून त्याचे भले होत नाही.

आता कायद्याकडे वळू. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, आणि तुंबलेल्या नाल्यांचा दोष मोठ्या प्रमाणावर प्लास्टिकच्या पिशव्यांकडे गेला. २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. पुढे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्या, थर्माकोल आणि एकदाच वापरायच्या वस्तूंवर सरसकट बंदी आली आणि तीन महिन्यांची मुदत संपल्यावर २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. दंड पहिल्या वेळी पाच हजार रुपये, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि तीन महिन्यांची कैद.

पण त्याच अधिसूचनेत एक सवलत होती. कारखान्यात, उत्पादनाच्या टप्प्यावर माल गुंडाळायला वापरलेले प्लास्टिक बंदीतून वगळलेले होते. म्हणजे दादरच्या पुलाखाली कोथिंबिरीची जुडी पिशवीत घालून देणाऱ्या बाईला पाच हजारांचा धाक, आणि भिवंडीच्या गोदामाच्या दारात ढिगाने पडलेल्या फिल्मकडे बघायची गरज नाही! पुढे केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून जी बंदी आणली, तिच्यात मिठाईचे डबे, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटे यांच्यावर गुंडाळायची फिल्म आहे. लग्नपत्रिकेवरची फिल्म गेली हे चांगलेच झाले. पण पॅलेटवरची फिल्म त्या यादीत नाही. ती सरसकट बंद करावी असे आम्ही म्हणत नाही. म्हणणे एवढेच, की कायद्याची नजर हातगाडीवर पडते आणि ट्रकवरून घसरते.

इंग्लंडने वेगळे काय केले? इथेही सुरुवात पिशवीपासूनच झाली. २०१५ मध्ये मोठ्या दुकानांत पाच पेन्स, २०२१ मध्ये सगळ्या दुकानांत दहा पेन्स. पण १ एप्रिल २०२२ पासून इथे प्लास्टिक पॅकेजिंगवर कर आहे आणि तो पॅलेटच्या फिल्मलाही लागतो. पुनर्वापरातले प्लास्टिक तीस टक्क्यांपेक्षा कमी असेल तर टनामागे २०० पौंड, अशी सुरुवात झाली. एप्रिल २०२५ मध्ये हा दर २२३.६९ पौंड झाला. दिशा योग्य आहे, यात शंका नाही. पण आपल्या उदाहरणाला तो लावून पाहू. हाताने गुंडाळलेल्या पॅलेटवर ४०० ग्रॅमचे होतात नऊ पेन्स, यंत्राच्या पॅलेटवर चार पेन्स. पाच पेन्सच्या फरकासाठी कोणता मालक यंत्र आणेल? शिवाय पुनर्वापरातला अंश वाढवताना फिल्मचा दर्जा सांभाळला नाही, ती मध्येच फाटली आणि कामगाराने धास्तीने दोन वेढे जास्त घातले, तर कर वाचतो आणि प्लास्टिक वाढते. कर वजनावर आहे, हे खरे. पण पॅलेटमागे किती ग्रॅम पुरतात, हा प्रश्न त्याने मालकाला विचारायला लावलेला नाही.

त्यात आणखी एक फट आहे आणि ती थेट आपल्या मालाला लागू पडते. आयात मालाबरोबर वाहतुकीसाठी म्हणून आलेले पॅकेजिंग या करातून वगळलेले आहे. न्हावा शेव्याहून कंटेनरमध्ये आलेल्या पोह्यांच्या आणि पापडांच्या पॅलेटवर कितीही वेढे असोत, त्या फिल्मवर कर नाही. तीच फिल्म रोलच्या रूपात आणली आणि वॉटफर्डमध्ये गुंडाळली, तर कर आहे. दूरच्या देशातल्या प्रत्येक वेढ्याचे वजन मोजत बसणे अवघड, ही अडचण आम्ही समजू शकतो. पण परिणाम असा, की कचरा हर्टफर्डशायरमध्ये पडतो आणि त्याचा विचार कोणीच करत नाही, ना तिथला निर्यातदार, ना इथला आयातदार.

आणि कचऱ्याचे पुढे होते काय? इथे एक आशादायक गोष्ट सांगितली पाहिजे. गोदामातली पारदर्शक स्ट्रेच फिल्म हा पुनर्वापरासाठी उत्तम माल आहे. एकाच प्रकारचे प्लास्टिक, अन्नाचा डाग नाही, रंग नाही. भंगाराच्या बाजारात तिच्या गाठींची प्रतवारी असते. ‘९८-२’ म्हणजे अठ्ठ्याण्णव टक्के पारदर्शक आणि दोन टक्के रंगीत. त्यात काळी फिल्म, कागदी लेबले आणि पट्ट्या मिसळल्या की प्रत घसरते, भाव घसरतो आणि शेवटी कोणी घेत नाही. म्हणजे कापणाऱ्या माणसाला दोन वेगळ्या पिशव्या दिल्या आणि लेबल काढायला अर्धा मिनिट दिला, एवढ्यावर त्या फिल्मची पुन्हा फिल्म होणार की राख, हे ठरते. इंग्लंडमध्ये दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ३१ मार्च २०२५ पासून पुनर्वापराचा कचरा वेगळा देणे बंधनकारक झाले, पण प्लास्टिक फिल्मसाठी ठरलेली तारीख ३१ मार्च २०२७ ही आहे. सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत सहज गोळा होणारे प्लास्टिक यादीत सर्वांत शेवटी!

दरम्यान ब्रिटनसारख्या देशांतला कचरा वर्षानुवर्षे बाहेर गेला. चीनने १ जानेवारी २०१८ पासून दारे बंद केल्यावर तो तुर्कस्तानकडे आणि आग्नेय आशियाकडे वळला. भारतानेही २०१९ मध्ये प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीवर बंदी आणली. ती आवश्यकच होती. आपल्याकडे आपलाच कचरा वेचणारे हात कमी नाहीत. पुण्यात १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून पुढे आलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था यांनी दाखवून दिले, की कचरा वेचणारी बाई शहराची सेवा करते आणि तिला ओळखपत्र, मोबदला व मान मिळाला पाहिजे. पण फिल्म हा तिचा सर्वांत नावडता माल असणार. बाटली वजनदार असते, भाव मिळतो. पातळ फिल्म पोतेभर वेचली तरी वजन भरत नाही. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली, पण पुनर्वापराच्या प्रमाणपत्रांचा व्यवहार होतो तो उत्पादक आणि नोंदणीकृत प्रक्रिया केंद्रे यांच्यात. वेचणारीच्या हातात त्यातले किती पोचते, हा प्रश्न आपण इथे बसूनही विचारला पाहिजे, कारण भारतात माल बांधून घेणाऱ्या कंपन्यांत आपल्यातले अनेक जण अधिकारी आहेत.

मग फिल्म टाकूनच का देऊ नये? तसेही नाही. पॅलेट कोसळले तर माल जातो आणि माणूसही जखमी होतो. खराब झालेल्या मालामागे गेलेली वीज, पाणी आणि श्रम त्या चारशे ग्रॅम प्लास्टिकपेक्षा कितीतरी जास्त असतात. उलट, फिल्मवर फाजील विश्वासही नको. ती खोक्यांना पॅलेटशी बांधते, पॅलेटला ट्रकशी बांधत नाही. त्यासाठी पट्टेच लागतात. विमानतळावर सुटकेसभोवती हिरवी-पिवळी फिल्म गुंडाळून घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तिने सामान बांधलेले राहील, पण कुलपाचे काम ती करत नाही. आणि प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा असतो. हापूसचेच बघा. फळमाशीच्या कारणावरून मे २०१४ मध्ये युरोपने आपल्या आंब्यावर बंदी घातली, ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. त्यासाठी वाशीला गरम पाण्याच्या प्रक्रियेपासून तपासणीपर्यंत सगळी साखळी नीट करावी लागली. पण एवढे करून पाठवलेला आंबा इथे कोणी गुदमरेल असा गुंडाळला तर? पिकणारे फळ श्वास घेते आणि उष्णता सोडते. त्याला भोके असलेली फिल्म, जाळी किंवा नुसते पट्टे आणि कोपऱ्यांचे पुठ्ठे हवेत. जास्त गुंडाळणे म्हणजे जास्त काळजी, हा आपला जुना गैरसमज आहे.

आणि जिथे वाहन जाते आणि परत येते, तिथे फिल्मची गरजच नसते. सुपरमार्केटचे चाकांचे पिंजरे आणि घडी होणारे क्रेट वर्षानुवर्षे फिरत राहतात. पॅलेटभोवती बांधायची वेल्क्रोची जाड कापडी वेष्टनेही मिळतात, आणि एकाच कंपनीच्या दोन गोदामांमध्ये ती शेकडो वेळा चालतात. आरेच्या दुधाची काचेची बाटली रिकामी परत जायची आणि इंग्लंडचा दूधवालाही तेच करायचा. परतीचा रस्ता असेल तर वेष्टनाची वस्तू टिकाऊ करता येते. परतीचा रस्ता नसतो, तिथेच फिल्मचे राज्य सुरू होते.

वाचकहो, आपल्यातले बहुतेक जण नोकरीत अशा जागी आहेत की पुरवठा, खरेदी, हिशेब किंवा संगणकप्रणाली यांपैकी कशाशी तरी त्यांचा संबंध येतो. म्हणून या संपादकीयाचा शेवट आवाहनाने करतो, आणि आवाहन मोठे नाही. आपल्या कंपनीचा माल पॅलेटवर जात असेल तर चार प्रश्न विचारा. एका पॅलेटमागे किती ग्रॅम फिल्म जाते, हे कोणी मोजले आहे का? हाताने गुंडाळणाऱ्या माणसाच्या कामाचे धोक्याचे मूल्यमापन कागदावर आहे का, आणि यंत्राचा विचार शेवटचा कधी झाला? पारदर्शक फिल्म वेगळी साठवली जाते का, आणि तिच्या गाठी कुठे जातात? जी वाहने परत येतात, त्यांत परत येणारी वेष्टने का नाहीत? ज्यांचा भारतातून माल आणण्याचा व्यवसाय आहे, त्यांनी पुढच्या मागणीपत्रात पॅकिंगविषयी एक ओळ घालावी: किती वेढे, कोणत्या ताणाने, कोणत्या रंगाची फिल्म. तिथला निर्यातदार ऐकेल, कारण सांगणारे गिऱ्हाईक आहे.

मराठीत ‘गुंडाळून ठेवणे’ याचा दुसरा अर्थ आपल्याला चांगला ठाऊक आहे. अडचणीचे अहवाल, कामगारांच्या मागण्या आणि पर्यावरणाचे नियम आपल्या दोन्ही देशांत अनेकदा असेच गुंडाळून ठेवले जातात. पॅलेटवरच्या फिल्मचा प्रश्न त्यांच्यात जाऊन पडू नये. भाजीवालीला पिशवी नाकारण्याइतकीच निष्ठा आपण आपल्या कचेरीतल्या खरेदी विभागाकडे हा प्रश्न नेताना दाखवली पाहिजे. ते अधिक अवघड आहे, कारण भाजीवाली आपल्याला उलट बोलू शकत नाही आणि खरेदी विभाग बोलू शकतो. पण टनांचा हिशेब तिथेच होतो.